ओला ताणा

आमचं घर म्हणजे दोन माग, आणि त्या मागांमधून उरेल तेवढी जागा. एका मागावर बाबा बसत, दुसऱ्यावर माझा थोरला भाऊ श्रावण. हातमाग जमिनीतल्या खड्ड्यावर असतो, पाय खाली खड्ड्यात आणि हात वर, त्यामुळे घरी आलेल्या पाहुण्याला माझा बाप आणि माझा भाऊ कमरेपासून वरचेच दिसत. सकाळी डोळे उघडायच्या आधी कान उघडत. बाबांच्या मागाचा आवाज जड होता, दर ठोक्यानंतर थोडा दम घेतल्यासारखा. दादाचा हलका आणि भरभर. माय खापा गावची, तीही विणकरांच्याच घरची. ती चुलीपाशी बसून जवसाची चटणी कुटायची तर तिचा हात दादाच्या मागावर इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्याच्या तालावर पडायचा. तिला म्हटलं तर कबूल करायची नाही. "मी काय नाचून राहिली का," म्हणायची. घरातला धाकटा मी, देवा. चौथीत शाळा सोडली. मीच सोडली, कोणी काढलं नाही, हे इथं लिहून ठेवतो. मास्तर म्हणाले, तुझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. मी म्हटलं, मग कोंबडीलेच शिकवा. त्या दिवसापासून घरी धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरायला बसलो. आता जे लिहितो आहे ते त्याच अक्षरात, आणि वाचायचं त्यानं वाचावं.

पुढचं कळायला एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे. कापड विणायच्या आधी उभं सूत, म्हणजे ताणा, लांबच लांब ताणून त्याला भाताची खळ पाजावी लागते. त्याला आम्ही पाजणी म्हणतो. घरात एवढी जागा कुठली, म्हणून पाजणी गल्लीतच. सकाळी गल्लीच्या दोन टोकांना खुंट्या ठोकायच्या, त्यांच्यामध्ये कमरेएवढ्या उंचीवर अडीच हजार दोरे पसरायचे, आणि घरातल्या सगळ्यांनी दोन्ही बाजूंनी कुंचे घेऊन वरून खळ फिरवत राहायचं, वाळेपर्यंत. मध्ये थांबलं की दोरे एकमेकांना चिकटतात. ओला असताना ताणा तुटला तर गेला, महिन्याची कमाई त्याच्यासोबत गेली. म्हणून ताणा लागला की आमच्या गल्लीत माणसं थांबत. आमच्या गल्लीच्या मधोमध दोन बोळ समोरासमोर फुटत, एक मोठ्या रस्त्याकडे, दुसरा रेल्वेच्या रुळांकडे. एका बोळातून समोरच्या बोळात जायला एरवी दहा पावलं. ताणा लागलेला असला तर टोकाच्या खुंटीपर्यंत चालत जायचं आणि वळसा घालून परत यायचं. नवरदेवाची घोडी वळसा घालायची. मयत निघाली तरी वळसा घालायची. रांगतं पोर आधी शिकायचं की चूल भाजते, आणि त्याच्यानंतर शिकायचं की ताणा ओलांडायचा नाही.

तर ती सिनेमातली नटी. नाव लिहीत नाही. तिचंही वय झालं, माझंही झालं. त्या वेळी तिचा चेहरा पानठेल्यावर, सायकलच्या दुकानात, न्हाव्याच्या आरशावर, सगळीकडे होता. माझ्या उशीखालीही होता, मासिकातून कापलेला. तिचा नागपुरात कार्यक्रम ठरला, आणि आमच्या गल्लीचे पंच गुलाबराव यांच्या मनात आलं की विणकरांकडून तिला एक लुगडं द्यायचं. बाबांच्या डोळ्यांत तेव्हा बारीक कामाला पाणी यायला लागलं होतं, म्हणून काम दादाकडे आलं. दादानं ते लुगडं कसं विणलं ते मी पाहिलं आहे. जेवायला बसला तरी नजर मागावर. लाल किनार, पदरावर बारीक वेल. माय अंबाडीची भाजी आणि भाकर ताटात वाढून हाका मारायची, भाजी गार व्हायची. कार्यक्रमाच्या दिवशी दादा नवं धोतर नेसून गेला, स्टेजवर चढला, तिच्या हातात लुगडं दिलं. ती किनारीवर बोट फिरवून हिंदीत म्हणाली, बहुत सुंदर है. दादा घरी आला, चार भाकरी खाल्ल्या. मी विचारलं, "जवळून कशी दिसते गा?" तर म्हणाला, "तिनं किनार पाहिली, देवा. लोक पदर पाहतात. तिनं किनार पाहिली."

दोन महिने गेले असतील. थंडीचे दिवस. चौकात पोहे आणि तर्रीच्या ठेल्यावर आम्ही चारपाच पोट्टे उभे होतो. गज्या, माझा लहानपणापासूनचा दोस्त, पेपर घेऊन आला. त्यात मुंबईच्या कुठल्याशा मुलाखतीतलं नटीचं बोलणं छापलं होतं. गावोगावी लोक काय काय भेटी देतात असं कोणी विचारलं असेल, तर ती हसून म्हणाली होती की नागपुरात एक साडी दिली, ती इतकी खरबरीत की मी मोलकरणीला दिली, आणि मोलकरीण म्हणाली, बाई, याच्यानं फरशी पुसली तर फरशीवर ओरखडे पडतील. गज्यानं ते दोनदा वाचलं. माझ्या हातातल्या पोह्यांची तर्री मनगटावरून कोपरापर्यंत गेली, मला कळलं नाही. संध्याकाळपर्यंत गल्लीच्या एका टोकाहून निघालेली गोष्ट दुसऱ्या टोकाला पोहोचली तेव्हा तिच्यात आणखी दोन वाक्यं जमली होती. विणकरांच्या अंगाचा वास येतो, असं ती म्हणाली. नागपूरच्या बायका काय नेसतात ते पाहून उलटी येते, असंही म्हणाली. हे पेपरात नव्हतं. मला पक्कं माहीत आहे की नव्हतं, कारण वास येण्याची गोष्ट मीच जोडली. गुलाबराव देवळाच्या ओट्यावर उभे राहिले. मोठा माणूस, मोठा आवाज. "तिनं आपल्या लुगड्याले पोछा म्हटलं," ते म्हणाले. "उद्या तिचा शिनेमा या शहरात चालला तर आपण पोछेच."

परवाचीच गोष्ट. हुडकेश्वरला नातवाच्या फ्लॅटवर गेलो होतो. तो सोफ्यावर पडून मोबाइलवर दोन्ही अंगठ्यांनी काहीतरी ठोकत होता, कान लाल झालेले. कोणी नट काही बोलला म्हणे. मी विचारलं, पूर्ण ऐकलं का तू? म्हणाला, "आबा, एवढंच पुरे आहे." त्याचे निदान अंगठेच चालू होते.

तर त्या संध्याकाळी देवळाकडून मी घरी आलो, दादा मागावर बसलेला. मी म्हटलं, ऐकलं का? त्यानं धोटा थांबवला नाही. "ऐकलं," म्हणाला. "खळ जास्त झाली होती."

"काय?"

"किनार उठून दिसावी म्हणून खळ जास्त दिली. दोन धुण्यांत मऊ झालं असतं. तिनं धुतलंच नसन. मी सांगाले पाहिजे होतं, बाई, दोन पाण्यातून काढ, मंग नेस. स्टेजवर सुचलं नाही."

"ती तुह्या लुगड्यानं फरशी पुसते म्हणते, अना तू तिची बाजू घेऊन राहिला?"

"बाजू कायची? खरबरीत होतं, देवा. मले हाताले माहीत होतं."

मी त्याच्या मुस्कटात मारली. खड्ड्यात बसलेल्या माणसाला वरून मारणं सोपं असतं. धोटा उडून चुलीपाशी पडला. माय उठली, बाबा उठले नाहीत, नुसता त्यांचा माग थांबला. दादानं ओठावरचं रक्त चाटलं, खड्ड्यातूनच माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "झालं? आता धोटा दे." मी दिला नाही. त्या रात्री गज्याकडे झोपलो.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, आणि रविवारी आमची पाजणी होती. ते मला माहीत होतं. माझा कुंचा, माझी जागा ठरलेली होती, बाबांच्या समोर. मी गेलो नाही. सकाळी साडेनऊच्या खेळाला आम्ही तिचा सिनेमा लागलेल्या टॉकीजवर पोहोचलो तेव्हा दीडदोनशे माणसं होतो. त्यांतले विणकर निम्मे. बाकीचे कोण होते, कुठून आले, कोणी विचारलं नाही. वाटेत लकडगंजाकडून येणारी लाकडी बल्ल्यांची बैलबंडी अडवून दांडके वाटून झाले होते. टॉकीजच्या माथ्यावर तिचं रंगवलेलं चित्र होतं, दोन मजले उंच. खालून त्याला रॉकेलचे बोळे लावले. आग पायांकडून चढत गेली, आणि चेहरा जळायला लागला तेव्हा रंगाचे फोड आले आणि फुटले. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मीही मारली. माझ्या उशीखाली जो चेहरा होता तोच.

दारावर गेटकीपर होता, म्हातारा, खाकी कोट. दोन्ही हात पसरून उभा राहिला. "पोट्टेहो, आतमधी बायका आहे, लेकरं आहे," म्हणाला. पहिली लाथ माझी. गज्या आता नाही, त्याच्या नावावर टाकणं सोपं आहे, म्हणून लिहितो. माझी होती. म्हातारा पडला आणि त्याच्यावरून लोक आत गेले. त्याच्या तोंडातून निघाला तो आवाज मी पुढे कधीतरी बैलगाडीखाली आलेल्या कुत्र्याच्या तोंडून ऐकला. आत काचा, खुर्च्या, किंचाळ्या. माणसं बाहेर निघाली ती एकमेकांवर पडत. बाहेरून दगड चालू होते, कोणावर मारतो हे कोणी पाहत नव्हतं. एक बाई कडेवर पोर घेऊन निघाली, तिच्या कपाळावर दगड बसला, आणि रक्त धारेनं खाली लुगड्यावर आलं. ते लुगडं आमच्या गल्लीचं होतं. किनार मी दुरून ओळखली. आमच्या शेजारच्या घरची. माझ्या हातात दगड होता. तो मी खाली टाकला नाही, फेकला. कोणाला लागला ते पाहिलं नाही.

मग पोलिसांच्या गाड्या आल्या. मी मार खाल्लेला माणूस आहे, पण तशी लाठी मी त्याआधी पाहिली नव्हती. ओल्या चादरीवर धुण्याची मोगरी पडावी तसा आवाज यायचा. गर्दी फुटली. कोणीतरी माझी कॉलर मागून धरली. मी वळून मारायला हात उचलला, तर दादा. कोपरापर्यंत हात खळीनं पांढरे. पाजणी अर्धी सोडून मायनं त्याला मला शोधायला धाडलं होतं.

"ताणा ओला आहे," तो म्हणाला. "चाल."

एवढं सगळं जळत असताना त्याला तेवढंच सांगायचं होतं.

आम्ही पळालो. मागे गज्या आणि गल्लीचीच दहाबारा पोरं, त्यांच्या मागे पोलीस. मोठ्या रस्त्यावरून बोळात शिरलो. बोळ संपला की गल्ली, गल्लीपलीकडे समोरचा बोळ, आणि त्याच्यापुढे रूळ. रुळांवर गेलो की सुटलो. बोळाच्या तोंडाशी आलो तर समोर आमचाच ताणा, खुंटीपासून खुंटीपर्यंत, उन्हात चमकत असलेला. पलीकडे बाबा आणि माय कुंचे घेऊन उभे.

आणि सगळे थांबले. शहाण्या माणसाला हे सांगितलं तर तो हसेल. मागून पोलीस, पुढे दहा पावलांवर सुटका, मध्ये नुसतं सूत. पण ते दहाबारा जण जागीच थांबले, जसे रोज थांबायचे, आणि वळसा घालायला खुंटीच्या दिशेनं पळायला लागले. गज्यासुद्धा, ज्यानं अर्ध्या तासापूर्वी तिकिटाची खिडकी फोडली होती. पोलिसांना काय, त्यांनी बोळातून बाहेर येऊन एकेकाला भिंतीशी गाठलं. डोकी फुटली, दात पडले.

मी थांबलो नाही. मी एकटाच. सरळ ताण्यात घुसलो. कमरेशी दोरे तटातट तुटले. आवाज बारीक असतो, पण तो विणकराच्या घरात वाढलेल्याच्या पोटात जातो. पायांत गुंतलो, पडलो, उठलो, पाय झाडत पलीकडे गेलो. बाबांच्या अंगावरून गेलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं का ते मला माहीत नाही, कारण मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. समोरच्या बोळात शिरताना मात्र एकदा मागे वळलो. दादा ताण्याकडे पाठ करून, पोलिसांकडे तोंड करून, दोन्ही हात वर करून उभा होता. "साहेब, इकडून नका येऊ," तो म्हणत होता. "ताणा ओला आहे साहेब, पलीकडून या." पहिली लाठी त्याच्या उजव्या मनगटावर पडली. हात खाली गेला नाही. दुसरी तिथंच पडली.

तो हात पुढे कधी नीट वळला नाही. धोटा फेकायला मनगट लागतं, जोर नाही. नटीनं नंतर माफी मागितली, असंही मी ऐकलं. ती माफी कोणी पेपरातून वाचून दाखवली नाही.

रुळांपाशी एका डब्याच्या आडोशाला मी दुपारपर्यंत बसलो. भूक लागली, ते मला स्वतःचंच लाजिरवाणं वाटलं. मग परत आलो. गल्ली माणसांनी भरली होती. दादा आमच्या उंबऱ्यावर बसलेला, मनगटाला हळद आणि बांबूच्या कामट्या बांधलेल्या, तोंड राखेसारखं. बाबा खाली जमिनीवर मांडी घालून, चिखल आणि खळीत पडलेला ताणा पुढे घेऊन, एकेक दोरा वेगळा करत होते. माय मला पाहून म्हणाली, "आला का? दोघं गेले होते, दीड आले." आणि मध्ये उभे राहून गुलाबराव बोलत होते.

"ताण्यावर बूट पडले," गुलाबराव म्हणत होते. "बाई बोलली ते आपण सोसलं असतं. पण आपल्या ओल्या ताण्यावर बूट. आजवर या गल्लीत मयतीनं वळसा घातला." टॉकीजला जाताना ज्यांनी हात जोडून नाही म्हटलं ते म्हातारेही आता दांडके घेऊन उभे होते. पोलिसांची चौकी जाळायची ठरली होती. दादाला खांद्यावर बसवून पुढे न्यायचं, हात सगळ्यांना दिसला पाहिजे. "श्रावण, तू सांग," गुलाबराव म्हणाले. "किती जण होते ताण्यात?"

दादानं मान वर केली. त्याची नजर माझ्या पायांवर आली. दोन्ही पायांना घोट्यापासून गुडघ्यापर्यंत सूत चिकटलं होतं, खळ वाळून कडक झालेलं, तुटलेली टोकं बाहेर आलेली. मी ते काढलं नव्हतं. मला वाटतं मला ते दिसलंच नव्हतं.

"मी ताण्याकडं पाठ करून होतो," दादा म्हणाला. "मले नाही दिसलं, काका."

त्यानं झाकलं. मी त्याला मुस्कटात मारली, त्याचं मनगट घालवलं, आणि त्यानं चारचौघांत माझ्यावर पांघरूण घातलं. मला दुसऱ्यानं घातलेलं पांघरूण आजवर कधी पेललं नाही, माझी बायको याच स्वभावाला आयुष्यभर रडली. मी चांगुलपणानं बोललो असं कोणी समजू नये. मला सहन झालं नाही म्हणून बोललो.

"बूट नव्हते," मी म्हटलं. "मी तोडला ताणा. मी घुसलो."

आवाज मोठा होता माझा. पुढच्या सगळ्यांनी ऐकलं. गज्यानं ऐकलं, डोक्याला फडकं बांधून तो तिथंच होता. म्हणाला, "गप बे, आत्ता नाही." गुलाबरावांनी माझ्या पायांकडे पाहिलं, चांगलं निरखून पाहिलं. जवळ आले. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "पाय धू आधी." मग वळले आणि म्हणाले, "चला." आणि दादाला उंबऱ्यावरच सोडून सगळी गल्ली गेली. ताणा आता जमिनीवर होता, तरी एकानंही त्याच्यावर पाय दिला नाही. वळसा घालून गेले.

मी रांजणाकडे निघालो. मागून बाबा म्हणाले, "धुऊ नको."

"इकडं ये. बस. पाय पुढं कर." मी बसलो. त्यांनी माझा डावा पाय मांडीवर घेतला आणि नखानं पहिला दोरा उचलला. वाळलेली खळ केसांसकट निघते, कातडीसकट निघते. ओढला, पाहिला, लांबी बोटांवर मोजली, बाजूला ठेवला. दुसरा उचलला. "हे सूत आपलं आहे," ते म्हणाले, मला नाही, हातातल्या सुताला. दादा उंबऱ्यावरून सरकत खाली आला, डाव्या हातात निघालेले दोरे धरायला लागला, आणि मी जमिनीवरच्या ताण्यातली त्या दोऱ्यांची तुटलेली टोकं शोधून गाठी मारायला लागलो. लहानपणी शिकलेली गाठ. बोटं ती विसरली नव्हती. पोटऱ्यांवर रक्ताचे ठिपके आले. माय तिघांच्या मध्ये भाकरीचं ताट ठेवून गेली, आणि ते तसंच राहिलं.

चौकीच्या बाजूनं आधी आरोळी ऐकू आली, मग धूर दिसला. मग दोन आवाज झाले, कोरडे, एकामागोमाग एक. त्यातली एक गोळी गज्याच्या मांडीत गेली हे संध्याकाळी कळलं. मरेपर्यंत तो काठी टेकत चालला आणि मरेपर्यंत मला भेटला की म्हणायचा, तू यायला पाहिजे होतं. आवाज ऐकून मी उठायला गेलो. गज्या तिकडं होता, माझी माणसं तिकडं होती.

दादानं डाव्या हातानं माझा घोटा धरला.

"बस," तो म्हणाला. "अजून हा पाय राहिला."